वाढीव क्लॉक, वाढीव व्होल्टेज आणि मे महिन्यातला प्रोसेसर

कंपनीने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा जास्त गतीने प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ४.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर नेला, तर निव्वळ त्या वाढीव गतीने त्याचे आयुष्य फारसे घटत नाही. घटते ते त्या गतीसाठी चढवाव्या लागणाऱ्या व्होल्टेजमुळे आणि त्यातून निघणाऱ्या उष्णतेमुळे. दुकानात आणि मित्रमंडळींत या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. कोणी म्हणतो ओव्हरक्लॉक केला की प्रोसेसर जळतोच, कोणी म्हणतो भारी कूलर लावला की काही होत नाही. दोघेही अर्धेच बरोबर असतात.

गती वाढवायला व्होल्टेज का लागते, ते आधी पाहू. ५ गिगाहर्ट्झवर एका क्लॉकला मिळणारा वेळ असतो ०.२ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात सिग्नल ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून पार होऊन पुढच्या टप्प्यावर स्थिर व्हावा लागतो. तो वेळेत पोहोचला नाही तर हिशेब चुकतो, आणि संगणक हँग होतो, निळा स्क्रीन दाखवतो किंवा आपोआप रिस्टार्ट मारतो. कोअर व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर लवकर चालू-बंद होतात आणि चुका थांबतात. याची किंमत मात्र भारी पडते. प्रोसेसर खात असलेली वीज गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती ४.५ वरून ५ केली, म्हणजे ११ टक्के वाढवली, आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले, तर वीज सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते. १०० वॅटचा प्रोसेसर १४० वॅटवर जातो. शिवाय ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडी वीज झिरपत असते; व्होल्टेज आणि तापमान वाढले की ही गळतीही वाढते.

पांढुर्णा आणि सौंसर भागात हा हिशेब पुण्या-बंगळुरूपेक्षा वेगळा मांडावा लागतो. छिंदवाड्यातून वेगळा होऊन २०२३ मध्ये झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात हे दोन्ही तालुके येतात, आणि हवामान सरळसरळ विदर्भाचे आहे. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. मे महिन्यात दोन्हीकडे स्लॅबच्या घरात दुपारी खोलीतच ४० अंश सहज होतात. जानेवारीत रात्री त्याच खोलीत २० अंश असतात. प्रोसेसरवरचा हीटसिंक-पंखा हवेला थंड करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत टाकतो. म्हणून खोलीचे तापमान जेवढे वाढते, जवळपास तेवढेच प्रोसेसरचे वाढते.

समजा, एखादा हीटसिंक १०० वॅटच्या प्रोसेसरला खोलीपेक्षा ४५ अंश वर ठेवतो. तोच १४० वॅटला ६३ अंश वर ठेवील. जानेवारीत मूळ सेटिंगवर प्रोसेसर ६५ अंशांवर राहील आणि ओव्हरक्लॉक केल्यावर ८३ वर जाईल. दोन्ही आकडे चालण्यासारखे आहेत. मेमध्ये मूळ सेटिंगवरच ८५ होतील आणि ओव्हरक्लॉकवर १०३. इंटेलचे बरेचसे डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांवर आणि एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बहुतेक ९५ अंशांवर स्वतःची गती उतरवतात. म्हणजे वाढवलेली गती प्रत्यक्षात मिळतच नाही, चढवलेल्या व्होल्टेजची झीज मात्र चालू राहते. यूट्यूबवरच्या व्हिडिओत दाखवलेली सेटिंग बहुतेक वेळा एसीच्या खोलीतली असतात, हे इथल्या माणसाने लक्षात ठेवलेले बरे.

त्यात कामाचा हंगामही नेमका उलटा येतो. छोट्या गावात जोरदार प्रोसेसर खरोखर लागतो तो गेम खेळणाऱ्या पोरांना आणि फोटो स्टुडिओवाल्यांना. लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग एप्रिल-मेमध्ये, लग्नसराईत, तुंबते. रात्र रात्र रेंडर लावून ठेवले जाते, सगळे कोअर शंभर टक्के चालतात आणि खोली रात्रीही तापलेलीच असते. कियोस्कवर फॉर्म भरायचा किंवा प्रिंट काढायचा संगणक दिवसभर चालू असला तरी त्याचा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो. स्टुडिओतला तसा नसतो.

आत नेमके काय झिजते? मुख्यतः तीन प्रकारची झीज होते, आणि तिन्हींचे व्होल्टेज व तापमानाशी नाते वेगवेगळे आहे.

पहिली म्हणजे इलेक्ट्रोमायग्रेशन. चिपमधल्या ट्रान्झिस्टरांना जोडणाऱ्या तारा केसापेक्षा हजारो पटींनी बारीक असतात, आणि त्यांतून जाणारा प्रवाह त्या मानाने प्रचंड असतो. १५० वॅट खाणारा प्रोसेसर १.२५ व्होल्टवर चालत असेल तर त्यात १२० अँपिअर शिरतात. घरातल्या मोठ्या प्लगची क्षमता १६ अँपिअर असते. इतका दाट प्रवाह वाहताना इलेक्ट्रॉनांच्या धक्क्याने धातूचे अणू हळूहळू पुढे सरकतात. तार कुठे पोकळ होते, कुठे फुगते, आणि शेवटी तुटते किंवा शेजारच्या तारेला चिकटते. मोटोरोला कंपनीतील जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस या झिजेचे समीकरण मांडले, ते आजही वापरात आहे. त्यानुसार आयुष्य प्रवाहाच्या घनतेबरोबर घटते आणि तापमानाबरोबर तर फारच झपाट्याने घटते. वरच्या उदाहरणातला मूळ सेटिंगचा प्रोसेसर घेतला, तरी ६५ अंशांवर जेवढी झीज होते त्याच्या साधारण चार ते साडेपाच पट झीज ८५ अंशांवर होते. ओव्हरक्लॉकमुळे प्रवाह सव्वापट झाला की त्यावर आणखी सव्वा ते दीड पट. पूर्वी या तारा अॅल्युमिनियमच्या असत. आयबीएमने १९९७ मध्ये तांब्याचे तंत्र जाहीर केले आणि पुढे सगळ्यांनी ते उचलले. तांबे या झिजेला जास्त टिकते. पण तारा बारीक होत गेल्या तसा हा फायदा बराचसा खर्ची पडला.

दुसरी झीज ट्रान्झिस्टरच्या गेटखालच्या इन्सुलेटर थरात होते. ६५ नॅनोमीटरच्या काळात हा सिलिकॉन ऑक्साइडचा थर सुमारे १.२ नॅनोमीटर, म्हणजे मोजक्या चार-पाच अणूंएवढा जाड राहिला होता. २००७ मध्ये इंटेलने ४५ नॅनोमीटरच्या चिपांत त्याजागी हॅफनियमयुक्त जाड थर आणला तो गळती आवरण्यासाठीच. या थरावर सतत व्होल्टेजचा ताण राहिला की त्यात दोष साठत जातात आणि एक दिवस थर फुटतो. ही झीज व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असते. ०.०५ व्होल्टची वाढ कागदावर किरकोळ दिसते, पण इतक्या पातळ थरावर आयुष्याचे गणित त्याने कितीतरी पटींनी बदलू शकते. चांगल्या कूलिंगचे इथे फारसे चालत नाही. प्रोसेसर ६० अंशांवर ठेवला म्हणून व्होल्टेजचा ताण माफ होत नाही, आणि ‘भारी कूलर लावला की काही होत नाही’ हे म्हणणे इथेच कोसळते.

तिसऱ्या प्रकारात ट्रान्झिस्टर मरत नाही, आळसावतो. व्होल्टेज आणि उष्णतेच्या ताणाखाली तो चालू व्हायला लागणारे किमान व्होल्टेज थोडे थोडे वाढत जाते. ताण काढला की यातला काही भाग भरून निघतो, काही कायमचा राहतो. वापरणाऱ्याला प्रत्यक्षात भेटते ती हीच झीज. दीड वर्ष ५ गिगाहर्ट्झवर बिनतक्रार चाललेला संगणक एकाएकी अडखळू लागतो. बायोसमध्ये व्होल्टेज थोडे वाढवले की पुन्हा चालतो. काही महिन्यांनी पुन्हा अडखळतो. या टप्प्यावर व्होल्टेज वाढवत राहणे म्हणजे झिजेला आणखी खाद्य देणे आहे. इथे उलट गती उतरवावी.

कंपन्या प्रोसेसर विकताना या झिजेसाठी आधीच राखीव जागा ठेवतात. नवीन चिप १.१० व्होल्टवर चालत असली तरी तिला १.२० दिले जातात, ते पुढच्या काही वर्षांत ती म्हातारी होणार हे धरूनच. ओव्हरक्लॉक करणारा माणूस ही राखीव जागा पहिल्याच दिवशी वापरून टाकतो. नवा प्रोसेसर सहज वाढीव गतीवर चालतो आणि जुना का चालत नाही, याचे उत्तर इथे आहे.

ओव्हरक्लॉकिंगच्या इतिहासात दोन प्रोसेसर शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए मदरबोर्डवरच्या बसची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा ४५० मेगाहर्ट्झवर चाले, आणि अनेकदा मूळच्या २ व्होल्टवरच किंवा अगदी थोड्या वाढीवर चाले. दीडपट गती मिळूनही ते प्रोसेसर वर्षानुवर्षे टिकले, कारण व्होल्टेजला फारसा हात लागला नव्हता. २००२ मधल्या पेंटियम ४ नॉर्थवुडचे उलट झाले. त्याचे मूळ व्होल्टेज होते १.५. हौशी मंडळींनी आधीच्या पिढीच्या सवयीने १.७ आणि त्याच्याही वर दिले. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हे प्रोसेसर एकामागून एक बंद पडू लागले, आणि या प्रकाराला ‘सडन नॉर्थवुड डेथ सिंड्रोम’ असे नावच पडले. जुन्या, जाड बनावटीच्या चिपला सोसणारे व्होल्टेज नव्या, बारीक बनावटीला सोसत नाही. म्हणून एका पिढीचा ‘सेफ’ आकडा दुसऱ्या पिढीला लावू नये.

व्होल्टेजची चूक कंपन्यांकडूनही होते. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने आपल्या सहाव्या मालिकेच्या चिपसेटची विक्री थांबवली. त्यातल्या साटा पोर्टच्या सर्किटमधल्या एका ट्रान्झिस्टरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते. सुरुवातीला सगळे ठीक चाले. काळ गेला तशी गळती वाढून पोर्ट खराब होण्याची शक्यता होती. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च इंटेलने ७० कोटी डॉलर धरला होता. २०२३ मध्ये एएमडीचे रायझन ७ ७८००एक्स३डी आणि त्याच्या जातकुळीतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच फुगून जळाले. ते वापरणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी कोअर ओव्हरक्लॉक केलेलेच नव्हते. त्यांनी फक्त रॅमचे ‘एक्स्पो’ प्रोफाइल चालू केले होते आणि मदरबोर्डाने त्यासाठी एसओसीचे, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचे, व्होल्टेज परस्पर वाढवले होते. नंतरच्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टवर अडवण्यात आले. रॅमचे प्रोफाइल हाही ओव्हरक्लॉकच आहे, एवढे त्यातून समजून घ्यावे.

सगळ्यात बोलके प्रकरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे आहे. वरच्या मॉडेलचे हे प्रोसेसर मूळ सेटिंगवरही काही महिन्यांत अस्थिर होऊ लागले. गेम मध्येच बंद पडत, ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरपूर असूनही ती संपल्याचा चुकीचा संदेश येई, झिप फाइल उघडताना खराब निघे. इंटेलने २०२४ मध्ये कारण जाहीर केले. मायक्रोकोडमधल्या दोषामुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि वाढीव व्होल्टेज व तापमानाखाली कोअरमधले क्लॉक पुरवणारे सर्किट झिजून किमान लागणारे व्होल्टेज वर सरकत होते. वर सांगितलेला तिसरा प्रकार तो हाच. बायोसमार्फत आलेल्या ऑगस्ट २०२४ च्या दुरुस्तीने मागणी १.५५ व्होल्टवर अडवली, सप्टेंबरमध्ये आणखी एक दुरुस्ती आली, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र या दुरुस्तीने सुधारत नाही. या पिढ्यांचा आय७ किंवा आय९ वापरात असेल आणि मदरबोर्डाचा बायोस घेतल्यापासून अपडेट केलेला नसेल, तर बाकी काही करण्याआधी ते काम करावे. बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसची बॅटरी आधी तपासावी.

लाइटचा विषय निघाला म्हणून एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. ‘गावात व्होल्टेज कमी-जास्त होते, त्याने प्रोसेसर लवकर जातो’ असे सर्रास ऐकू येते. भिंतीतल्या प्लगचे २३० व्होल्ट प्रोसेसरपर्यंत कधीच जात नाहीत. एसएमपीएस त्याचे १२ व्होल्ट करतो, मदरबोर्डावरचे व्होल्टेज नियंत्रक त्याचे सव्वा व्होल्टच्या आसपास करतात. लाइन १८० वर उतरली तरी चांगला एसएमपीएस कोअर व्होल्टेज हलू देत नाही. झटका बसतो तो एसएमपीएसला आणि हलक्या दर्जाचा असेल तर त्याच्यामार्फत मदरबोर्डाला. म्हणून अर्थिंग, यूपीएस आणि नामांकित एसएमपीएस हवेच. फक्त त्यांचा प्रोसेसरच्या झिजेशी थेट संबंध नाही. खरे तर साधारण वापरातला, मूळ सेटिंगवरचा प्रोसेसर क्वचितच आधी जातो. त्याच्याआधी पंखा, एसएमपीएसमधले कॅपॅसिटर, नाहीतर मदरबोर्ड जातो. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, आणि ओव्हरक्लॉकची जादा उष्णता त्यांनाही भोगावी लागते.

मुळात ओव्हरक्लॉक शक्य आहे का, हे आधी पाहावे. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी ‘के’ आहे तेच सहसा मोकळे असतात आणि त्यांनाही झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे असतात, बी मालिकेचा बोर्डही चालतो. लॅपटॉप आणि कार्यालयांतून निघालेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप यांच्या नादी लागू नये. त्यानंतर फायदा मोजावा. ११ टक्के गती वाढली तर एक तासाचे रेंडर फार तर ५४ मिनिटांत होते. तेच रेंडर इंटेलचे क्विक सिंक किंवा ग्राफिक्स कार्डाचा एनकोडर चालू करून केले तर वेळ कितीतरी जास्त वाचतो, आणि प्रोसेसर थंड राहतो. मिक्सिंगवाल्याने ओव्हरक्लॉकच्या आधी सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्ट सेटिंगमध्ये हा पर्याय शोधावा. गेमसाठीही मोठा फरक ग्राफिक्स कार्डाने पडतो.

तरीही करायचेच असेल तर चाचणी मेच्या दुपारी करावी. थंडीत करायची झाल्यास भाराखालच्या तापमानात २० अंश मिळवून पाहावेत. बेरीज ९० च्या वर गेली तर ते सेटिंग सोडून द्यावे. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तापमान, वॅट आणि कोअर व्होल्टेज एकत्र दिसतात. आधी मूळ सेटिंगवर, पूर्ण भाराखाली व्होल्टेज किती असते ते लिहून ठेवावे. मग व्होल्टेजला हात न लावता गती थोडी थोडी वाढवावी आणि जिथे अडखळेल तिथून एक पायरी मागे यावे. फुकटात मिळते तेवढी गती घ्यावी, हाच शहाणपणाचा सौदा. व्होल्टेज वाढवायचेच ठरले तर भाराखालच्या मूळ आकड्यापेक्षा ०.०५ च्या वर जाऊ नये.

बायोसमधले ‘ऑटो’ व्होल्टेज आणि मदरबोर्ड कंपनीची एका बटनात ओव्हरक्लॉक करणारी सोय टाळावी. सगळ्या चिपा चालाव्यात म्हणून तिथे गरजेपेक्षा सढळ हाताने व्होल्टेज दिले जाते. भाराखाली घसरणारे व्होल्टेज सावरणारे लोड-लाइन कॅलिब्रेशन सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवू नये. तसे ठेवले तर भार एकदम उतरतो त्या क्षणी व्होल्टेज सेट केलेल्या आकड्याच्या वर उसळी मारते आणि साध्या सॉफ्टवेअरला ती दिसतही नाही. रायझनवर हलक्या कामात क्षणभर १.४ च्या वर आकडे दिसले तर घाबरू नये. त्या वेळी एखाद-दुसराच कोअर चालू असतो आणि प्रवाह कमी असतो. तोच आकडा सगळ्या कोअरसाठी कायमचा ठरवून ठेवणे मात्र घातक आहे.

या भागासाठी खरा उपाय उलट दिशेचा आहे: व्होल्टेज उतरवणे. अंडरव्होल्ट केले, रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर वापरला किंवा बायोसमध्ये वॅटची मर्यादा थोडी खाली आणली, तर गती जवळपास तीच राहून तापमान बरेच उतरते. जास्तच उतरवले तर संगणक अडखळतो, पण त्याने चिपची झीज होत नाही. सेटिंग परत केले की झाले. उन्हाळ्यासाठी एक आणि थंडीसाठी एक अशी दोन प्रोफाइल बायोसमध्ये साठवून ठेवता येतात.

हीटसिंकची निगा हा त्याचाच भाग. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या जवळपास असलेल्या घरा-दुकानांत बारीक तंतू उडतात आणि हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळा लागण्याआधी एकदा ब्लोअरने ते काढावेत, पंखा बोटाने धरून. दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदलावी. खोलीतल्या वाळ्याच्या कूलरने संगणकालाही फायदा होतो, पण कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नये. दमट हवेबरोबर धूळ चिकटून बसते आणि कनेक्टर गंजतात.

झिजेची चाहूल विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मिळते. तिथे ‘व्हिया-लॉगर’ या नावाने हार्डवेअरच्या चुका नोंदवल्या जातात, आणि संगणक वरकरणी ठीक चालत असतानाही त्या दिसू शकतात. अशा नोंदी वाढू लागल्या की सगळे सेटिंग मूळ पदावर आणावे आणि प्राइम९५ किंवा ओसीसीटीने तासभर तपासावे. मूळ सेटिंगवरही चुका आल्या, आणि रॅम बदलूनही त्या राहिल्या, तर प्रोसेसर झिजला असण्याची शक्यता मोठी. वॉरंटी साधारण तीन वर्षांची असते. पण कंपनीच्या मर्यादेबाहेर चालवल्याने झालेले नुकसान तीत बसत नाही.

नागपूरहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना प्रोसेसर आणताना हीच तपासणी दुकानातच करून घ्यावी. ‘के’ मॉडेल असेल तर तो आधीच्या मालकाकडे ओव्हरक्लॉक होता असेच धरून चालावे, कारण चिपवर त्याची कुठलीही खूण उमटत नाही. ‘के’ नसलेल्या, लॉक असलेल्या मॉडेलचा पर्याय जवळपास त्याच भावात मिळत असेल तर तो घ्यावा. त्याच्या व्होल्टेजशी आधी कोणी फारसे खेळलेले असण्याची शक्यता कमी असते.